लघिमानंदांचा बटाटा

रोह्याला माधवराव सरांच्या ओटीवर दर गुरुवारी बटाटा तरंगायचा. तो तरंगताना पाहायला नागोठणं, कोलाड, पेण अशी लांबलांबून माणसं यायची. ओटी भरली की अंगण भरायचं आणि अंगण भरलं की उरलेले कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून बसायचे. ज्यांनी जन्मभर बटाटा फक्त भाजीत पाहिला होता, ते त्याच्यापुढे हात जोडून बसलेले असायचे.

चौरंगावर लघिमानंद महाराज विराजमान. लघिमा म्हणजे हलकं होण्याची सिद्धी. महाराज स्वतः नव्वद किलोंच्या खाली नसावेत, पण शरीर हा भ्रम आहे असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तो विषय कुणी काढत नव्हतं.

"जड तो जीव, हलका तो शिव!" महाराज म्हणाले. "यकृत म्हणजे काय? यत् कृत! जे जे केलं ते ते तिथं साठलं. डॉक्टर त्याला चरबी म्हणतात. म्हणू देत बिचाऱ्यांना. आम्ही त्याला कर्म म्हणतो. आणि कर्माला सुरी लावली की काय होतं?"

"दुप्पट उगवतं!" अंगणातून आवाज आला. चौथा गुरुवार असल्याने लोकांचं पाठांतर झालं होतं.

बायकांच्या रांगेत सगुणा बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत नवऱ्याची हॉस्पिटलची फाइल. ती फाइल ती घरी ठेवत नसे, उंदरांचा काय भरवसा!

"जगन, या," महाराजांचा शिष्य गोविंदा याने हाक मारली.

जगनने सदरा वर केला. बरगड्यांखालून गेलेला शस्त्रक्रियेचा लांब व्रण पाहून गडग्यावरचे लोक चुकचुकले. महाराजांनी मुठीएवढा बटाटा घेतला, व्रणावरून सात वेळा फिरवला आणि डोळे मिटले. आता जगनच्या यकृताचा सगळा भार त्या बटाट्यात उतरला होता. गोविंदाने काचेची मोठी बरणी आधीच भरून ठेवली होती. त्यातल्या पाण्याला तीर्थ म्हणायचं, पण ते प्यायचं नाही, शिवायचंही नाही, लांबून पाहायचं. महाराजांनी बटाटा आत सोडला.

पहिल्या गुरुवारी जगनचा बटाटा दगडासारखा तळाला गेला होता. आज तो निम्म्यापर्यंत बुडाला आणि तिथंच थांबला. ना वर, ना खाली. काचेच्या बरणीत मधोमध लटकलेला बटाटा पाहून सगुणाच्या अंगावर काटा आला.

"अर्धं ओझं उतरलं," महाराज म्हणाले. "सातव्या गुरुवारी पूर्ण तरंगेल. मग ती गाठ पुन्हा येणे नाही. आम्ही सांगतो."

"आम्ही सांगतो" हे शब्द ऐकल्यावर जगनचा चेहरा असा उजळला, की सगुणाने तसा तो वर्षभरात पाहिला नव्हता.

गाठ निघाली होती ऑगस्टमध्ये. जगन जिते गावाजवळच्या खाडीकाठी मिठागरावर काम करणारा, पिढीजात. अंगानं काटक, पण संध्याकाळची बाटली चुकली नाही कधी. शहाण्णवच्या पावसाळ्यात पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि मुंबईच्या हॉस्पिटलात यकृताचा तुकडा कापून कॅन्सरची गाठ काढली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलेलं वाक्य न् वाक्य सगुणाला पाठ होतं. गाठ पूर्ण निघाली आहे. पण उरलेलं यकृत निरोगी नाही, त्यात चरबी भरली आहे, अशा यकृतात गाठ पुन्हा धरायची भीती राहते. दर तीन महिन्यांनी पेणला सोनोग्राफी करायची, रक्त तपासायचं. दारूचा थेंब नको. तारीख चुकवायची नाही.

"पन परत नाय ना येनार?" जगनने तेव्हा विचारलं होतं.

"ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले होते.

जगनने दारू सोडली, तिखट सोडलं, ओझं उचलणं सोडलं. ते वाक्य मात्र त्याला सुटेना. नोव्हेंबरातली तपासणी चांगली निघाली, तरी तो घरी येऊन म्हणाला, "आता नाय म्हनतात. पुढचं कोन सांगतं?" पुढची तारीख होती अठरा फेब्रुवारी.

अशात माधवराव सरांचं कार्ड आलं. सर पेणच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि जगन त्यांच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकलेला. निवृत्त होऊन ते रोह्याला आपल्या घरी राहायला गेले होते. त्यांच्याही यकृतावर चरबी निघाली होती. पेणच्या डॉक्टर सुश्रुतनी त्यांना रोज तासभर चालायला आणि गोड कमी करायला सांगितलं होतं. सरांना चालण्याचा भारी कंटाळा आणि श्रीखंडाचा मुळीच नाही. महाराज ना चाला म्हणत, ना श्रीखंड सोडा म्हणत. सर त्यांचे निस्सीम भक्त झाले, त्यांना घरी उतरवून घेतलं, आणि आपल्या गरीब विद्यार्थ्याचंही भलं व्हावं म्हणून कार्ड टाकलं. यात सरांचा हेतू अगदी शुद्ध होता. पुष्कळसे घोटाळे अशा शुद्ध हेतूनेच होतात.

त्या चौथ्या गुरुवारी जित्याला गाडीतून उतरून बांधावरून घराकडे जाताना जगन म्हणाला, "अठरा तारखेला मी काय जात नाय."

सगुणा थांबली. "नाय कसं? डॉक्टरनी सांगितलंय."

"महाराज बोलले, त्या मशिनीनं झोपलेली गाठ जागी होते. आनि खरं सांगू गो? मना त्या टेबलावर निजायचं म्हटलं की आठ दिस आधी जेवन जात नाय. डॉक्टर बघतो, आनि बोलतो, सांगता येत नाय. हितं एक मानूस छातीला हात लावून सांगतोय, येनार नाय. मग मी कुनाचं ऐकू?"

सगुणालाही तो बटाटा तरंगायला हवा होता, हेच तर खरं दुखणं होतं. मिठागरावर मीठ गोळा करायची फळी ओढता ओढता ती दिवस मोजत राहिली. हंगाम ऐन भरात होता. दिवसभर खाऱ्या पाण्यात राहून तिच्या हातापायांना दरवर्षीसारख्या भेगा पडल्या होत्या.

सातवा गुरुवार तेरा फेब्रुवारीचा. त्या दिवशी इतकी गर्दी, की गडग्याचे दोन दगड ढासळले. बटाटा सात वेळा फिरला, बरणीत पडला, गटकन खाली गेला आणि बुचासारखा वर आला. एक बाजू चक्क पाण्याबाहेर! टाळ्या, जयजयकार. माधवराव सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. जगन तर महाराजांच्या पायांवर कोसळलाच.

"उठ," महाराज म्हणाले. "रोग गेला, पण त्याची कुंडली अजून तुझ्यापाशी आहे. ते कागद, त्या फिल्मा. रोग आपलं नाव वाचत परत येतो. आत्ता कुंडलिका नदीवर जा आणि सगळं विसर्जन कर."

जगनने सगुणाकडे हात पुढे केला. "दे गो फाइल."

"देते," सगुणा म्हणाली. "जरा पानी पिऊन येते."

पिशवी छातीशी धरून ती मागच्या दारी गेली. तिथं सरांची बायको विमलकाकू तुळशीवृंदावनापाशी कपाळाला आठ्या घालून उभी होती. वृंदावनात तुळस नव्हती, तुळशीच्या काड्या होत्या.

"ही तिसरी गं," विमलकाकू म्हणाली. "दर गुरुवारी तो गोविंदा बरणीतलं तीर्थ हिच्या मुळाशी ओततो. महाराज म्हणतात, लोकांचे रोग ओढून घेते म्हणून जळते. आमचे हे म्हणतात, केवढं भाग्य. मी म्हणते, भाग्य अंगणात लावा ना कुठंतरी. माझी तुळस कशाला?"

सगुणाचं लक्ष मातीकडे गेलं होतं. काळ्या मातीवर पांढरी खरपुडी धरली होती, कडेला जाड, मधे पातळ. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईला ती राख वाटली असती, नाहीतर रांगोळी. सगुणाने ती वयाच्या सहाव्या वर्षापासून पाहिली होती. तिने एक खपली उचलून जिभेवर ठेवली.

"अगं! रोग आहेत त्यात!" विमलकाकू ओरडली.

"रोग नाय काकू," सगुणा म्हणाली. "मीठ हाय."

तिला आधी राग आला नाही. आधी तिला रडू आलं, कारण बटाटा तरंगला होता आणि आता तो तिच्यासाठी पुन्हा बुडाला होता. मग राग आला, आणि तो असा आला की ती पाणी न पिताच ओटीवर परत गेली, सरळ चौरंगापर्यंत, आणि कुणी काही बोलायच्या आत तिने भेगा पडलेला हात कोपरापर्यंत बरणीत घातला.

लोकांच्या तोंडून "अरे अरे" निघालं. गोविंदा धावला.

"झोंबतंय," सगुणा म्हणाली. हात बाहेर काढून तिने बोटं एकमेकांवर चोळली, वाफ्यातलं पाणी मीठ धरायला आलं का हे पाहायला ती रोज चोळायची तशी. "बुळबुळीत लागतंय. अजून चार दिस उन्हात ठेवलं तर ह्यात मीठ धरंल."

"बाई अपवित्र झाली!" महाराज कडाडले. "तीर्थाला स्पर्श! आता नवऱ्याचा रोग..."

"महाराज, तोच बटाटा विहिरीच्या पान्यात सोडा."

"सिद्धीची परीक्षा घेतेस?"

"तुमची नाय. बटाट्याची."

गडग्यावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. जगनचा चेहरा मात्र काळवंडला होता. "सगुणा, गप बस. का घात करतेस माझा?" तो म्हणाला.

तेवढ्यात माधवराव सर उठले. का उठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या अंगात ते कुठंतरी शिल्लक असावं. ते बरणीपाशी आले, बोट बुडवलं, बोट तोंडात घातलं. आणि त्यांचा चेहरा हळूहळू, फळ्यावरचं पुसावं तसा कोरा होत गेला.

"विमल," ते म्हणाले, "विहिरीचं एक पातेलं पाणी आण. मिठाची बरणी आण. आणि टोपलीतला एक बटाटा आण. कुणाच्याही पोटाला न लागलेला."

विमलकाकूने हे सगळं इतक्या झपाट्याने आणलं, की जणू ती सात आठवडे याच हुकमाची वाट पाहत होती. टोपलीतला बटाटा विहिरीच्या पाण्यात बुडाला. महाराजांचा बटाटा, ज्यात जगनचं हलकं झालेलं यकृत होतं, तोही शेजारी जाऊन बसला. मग सर मूठ मूठ मीठ घालून ढवळत राहिले. आठव्या मुठीला दोघेही हलले. बाराव्या मुठीला दोघेही वर आले. विमलकाकूच्या बटाट्याला सात गुरुवार करावे लागले नाहीत, दहा मिनिटांत मोक्ष मिळाला.

"पण मधे कसा लटकला होता?" मागून एक जण म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलाय!"

सरांना ते चटकन सुचेना. सगुणाला सुचलं, कारण तिला ते सुचावं लागतच नव्हतं. "अवकाळी पाऊस पडला की आमच्या वाफ्यात काय होतं? पावसाचं गोडं पानी वर ऱ्हातं, खारं खाली. मिसळत नाय लगेच. आमी वरचं हळूच काढून टाकतो. ह्या गोविंदानं खाली खारं भरलं, वरून हलक्या हातानं गोडं सोडलं. बटाटा गोड्यात बुडतो आनि खाऱ्यात तरंगतो, मग तो मधे नाय बसनार तर कुठं जानार?"

सरांनी बरणी रिकामी करून तसंच भरून दाखवलं, पळीवरून थेंब थेंब पाणी सोडत. बटाटा मधोमध लटकला. आता कुणी हात जोडले नाहीत.

"आनि एक," सगुणा म्हणाली. आता तिला कोण थांबवणार! "मटनाच्या रश्शात चरबी वर येते का तळाला जाते? वर येते ना? मग यकृतातली चरबी गेली तर बटाटा बुडाया पायजे. ह्यांचा चरबी गेल्यावर वर येतो! खोटं करायचं तर निदान रस्सा तरी बघून करायचा."

महाराजांनी डोळे मिटले. समाधी लागली असं गोविंदाने जाहीर केलं. समाधी पंधरा मिनिटांत उतरली, कारण पेणची एसटी वीस मिनिटांनी होती. जाताना महाराज म्हणाले की या वास्तूत श्रद्धेचा अंश कमी पडला. सरांनी त्यांना हटकलं नाही. ते पायरीवर बसले होते.

"जगन," ते खालच्या मानेने म्हणाले, "घनतेचा धडा. अंड्याचा प्रयोग असतो त्यात. मी अंड्याला शिवत नाही, म्हणून वर्गात दरवर्षी बटाटा घेऊन करायचो. हाच प्रयोग. हीच बरणी म्हण ना. अठ्ठावीस वर्षं केला रे मी!"

"मी नाय बघितला सर," जगन म्हणाला.

"कसा बघशील? तो धडा फेब्रुवारीत यायचा. तुम्ही अर्धी मुलं तेव्हा मिठागरावर असायचात."

पुढच्या गुरुवारी जे लोक आले, आणि बरेच आले, त्यांना सरांच्या फाटकावर एक पाटी दिसली. अक्षर मास्तरी, वळणदार. "येथे बटाटा तरंगवणे बंद झाले आहे. ज्यांच्या यकृतावर चरबी आहे त्यांनी चालावे व खाणेपिणे आवरावे. मीही आवरत आहे. ज्यांची गाठ काढलेली आहे त्यांनी डॉक्टरांची तारीख चुकवू नये. जो माणूस 'तपासू नका' असे सांगेल त्याला प्रथम तपासावे. कोणास शंका असल्यास आत यावे, पाणी चाखावे, प्रश्न विचारावेत. उत्तर येत नसल्यास येत नाही असे सांगितले जाईल." पाटी वाचून काही जण आत गेले. काहींनी एसटी स्टँडवर जाऊन महाराज सध्या कुठं उतरलेत याची चौकशी केली.

जगन अठरा तारखेला पेणला गेला. त्याआधीचे पाच दिवस तो सगुणाशी बोलला नव्हता. सोनोग्राफीच्या टेबलावर निजल्यावर मात्र त्याने तिचा हात धरला.

डॉक्टर सुश्रुतनी बराच वेळ लावला. यंत्राचं टोक एका जागी नेलं, आणलं, परत नेलं. फाइलमधली नोव्हेंबरची फिल्म उजेडाला धरली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून जगनच्या समोर बसले.

"नोव्हेंबरला इथं काही नव्हतं. आज एक ठिपका दिसतोय, वालाच्या दाण्याएवढा. रक्त बघू, मुंबईला दाखवू, पण मला वाटतं गाठ परत आली आहे."

खोलीत पंखा फिरत होता. सगुणाला वाटलं आपण ओरडलो, पण ती ओरडली नव्हती.

"लहान आहे," डॉक्टर म्हणाले. "एकच आहे, आणि कडेला आहे. एवढी असताना सापडली तर बहुतेक काढता येते. सहा महिन्यांनी आला असतात तर मी हे म्हणू शकलो नसतो. उद्याच मुंबईला जा. मी चिठ्ठी देतो."

"काढल्यावर परत नाय ना येनार?" जगनने विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "सांगता येत नाही, जगन. येईलही. म्हणून तर बघत राहायचं."

दोघं बाहेर येऊन बाकड्यावर बसली. सगुणाच्या हातात चिठ्ठी होती. जगन समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. रडला नाही, तिच्यावर ओरडलाही नाही. म्हणाला, "तू तवा गप बसली असतीस, तर आज मी किती खूश असतो गो."

"व्हय," सगुणा म्हणाली. "गनपतीपर्यंत."

जगनने मान हलवली. सहा महिन्यांचा हिशेब त्याला कळला होता. मग तो बाकड्यावरून उठला, सदरा नीट केला आणि मुंबईची सकाळची पहिली एसटी किती वाजता आहे ते विचारायला दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीकडे गेला.